एक स्वेटर अर्धा, तोवर दुसरं तोरण सुरू : एकाच वेळी अनेक विणकामं का चालू असतात?

स्वेटरची पाठ झालीय, एक बाही झालीय, दुसरी बाही तीन महिन्यांपासून सुयांवरच आहे. क्रोशाच्या तोरणाची पाच फुलं झाली, सहा बाकी आहेत. लाकडी चौकटीवरचं, भिंतीवर टांगायचं विणकाम मध्येच थांबलंय. आणि तरीही कालच नव्या रंगाच्या लोकरीचे चार गुंडे घरात आलेत.

ज्या घरात विणणारं कुणी आहे, तिथे हे चित्र ओळखीचं असतं. "आधी हातातलं पूर्ण कर, मग दुसरं घे" हे वाक्यही तितकंच ओळखीचं असतं. पण एका वेळी अनेक कामं चालू असणं ही या छंदात जगभर दिसणारी गोष्ट आहे. तिच्यासाठी खास शब्द तयार झालेत, ती सांभाळायच्या युक्त्या आहेत. आणि कोणतं काम अर्ध्यावर सोडलं तर काय बिघडतं, हे बऱ्याच अंशी विणण्याच्या पद्धतीवर ठरतं. आळसाचा त्यात वाटा असतोच, पण लोक समजतात त्यापेक्षा कमी.

आधी शब्द समजून घेऊ

मराठीत 'विणकाम' हा एकच शब्द तीन वेगळ्या कामांसाठी वापरला जातो. दोन सुयांवर लोकर विणणं, एका आकड्याच्या सुईने क्रोशा करणं आणि मागावर कापड विणणं. गोंधळ टाळण्यासाठी या लेखात पहिल्याला सुयांचं विणकाम, दुसऱ्याला क्रोशा आणि तिसऱ्याला मागावरचं विणकाम म्हणू.

इंटरनेटवर विणणाऱ्यांची आपली एक बोली आहे. चालू असलेल्या कामाला 'डब्ल्यूआयपी' म्हणतात, म्हणजे 'वर्क इन प्रोग्रेस'. महिनोन्‌महिने हात न लागलेलं काम म्हणजे 'यूएफओ'. यात उडत्या तबकडीचा काही संबंध नाही, 'अनफिनिश्ड ऑब्जेक्ट' असं त्याचं लांबरूप आहे. एकामागून एक नवीन कामं सुरू करण्याची लहर आली की तिला 'स्टार्टायटिस' म्हणतात, जणू तो एखादा आजारच आहे. विणलेलं सगळं उसवून टाकणं म्हणजे 'फ्रॉगिंग'. इंग्रजीतलं बेडकाचं 'रिबिट रिबिट' हे 'रिप इट'सारखं, म्हणजे 'उसव, उसव' असं ऐकू येतं, म्हणून बेडूक.

२००७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'रॅव्हलरी' या विणणाऱ्यांच्या वेबसाइटवर प्रत्येक कामाची नोंद ठेवता येते. तिथे कामाची स्थिती निवडायला चार मुख्य पर्याय आहेत : चालू, पूर्ण, उसवलेलं आणि चौथा 'हायबरनेटिंग'. हिवाळ्यात झोपी जाणाऱ्या प्राण्यासारखं काम झोपलंय, मेलेलं नाही. अर्धवट काम इतकं सर्रास असतं की वेबसाइट बनवणाऱ्यांना त्यासाठी वेगळा रकाना ठेवावा लागला.

क्रोशा, सुया आणि माग : खरा फरक इथे आहे

कुठलंही काम मध्ये सोडताना एक प्रश्न विचारायचा. ते सोडल्यावर नेमकं काय अडकून पडतं?

क्रोशात कोणत्याही क्षणी सुईवर साधारण एकच टाका जिवंत असतो. बाकीचे सगळे बंद झालेले असतात. साखळी, खांब, पुन्हा साखळी असं करत कुठेही थांबा, सुई काढा, त्या एका फासात सेफ्टी पिन अडकवा आणि काम पिशवीत टाका. पिन निघालीच तरी दोन-चार टाके सुटतील, तेवढंच. सुईही मोकळी झाली, ती दुसऱ्या कामाला घ्या. म्हणूनच एका वेळी सहा-सात कामं चालू असलेली व्यक्ती बहुतेकदा क्रोशा करणारी असते.

सुयांच्या विणकामात अख्खी ओळ जिवंत असते. स्वेटरच्या पाठीचे शंभर टाके सुईवर असतील तर ते शंभरही उघडे आहेत. लहान मुलाने सुई ओढली की काय होतं, हे विणणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. सुया तर अडकतातच, शिवाय फार दिवस तसंच ठेवलं तर सुईवरची ती ओळ ताणली जाते आणि पुढे विणल्यावर कापडात आडवी रेघ दिसत राहते. काम लांबणार असेल तर टाके सुईवरून काढून दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यात ओवून ठेवणं जास्त बरं.

मागावर मात्र सगळंच अडकतं. उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर एकदा चढला की तो संपेपर्यंत माग दुसऱ्या कशालाही देता येत नाही. माग, जागा आणि ताण्याचे सगळे धागे, सगळं एका कामाच्या नावावर. घरगुती छंदासाठी पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी चौकटीच्या छोट्या मागांची जी चलती आहे, तिचं एक कारण हेच. पुठ्ठ्याचे चार माग चार कामांसाठी करता येतात. मोठा हातमाग एकच असतो.

म्हणजे 'किती कामं चालू ठेवावीत' या प्रश्नाला एक सरसकट आकडा नाही. पाच क्रोशाची कामं आणि पाच स्वेटर यांचं ओझं सारखं नसतं.

पैठण रस्त्यावर वेळेचे दोन हिशोब

छत्रपती संभाजीनगरहून पैठण रस्त्याने निघालं की वाटेत चितेगाव लागतं. हा सगळा पट्टा कारखान्यांचा. शिफ्टच्या वेळा, कंपनीच्या बस, दुपारी घरी परतणारे आणि रात्री कामावर निघणारे लोक. पुढे बिडकीन आणि शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर पैठण. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच, आणि पैठणीला नाव दिलं तेही याच गावाने. आज पैठणी विणण्याचं मोठं केंद्र नाशिक जिल्ह्यातलं येवला असलं तरी पैठणमध्येही हातमाग चालतात.

मागावरचं काम म्हणजे काय, हे पैठणीकडे पाहून चटकन कळतं. पदरावरचा मोर, मुनिया किंवा कमळ ही छापलेली नक्षी नसते, वरून केलेलं भरतकामही नसतं. ती विणता विणताच तयार होते. नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी धाग्याची वेगळी छोटी कांडी असते. एका आडव्या ओळीत विणकर ती कांडी तिच्या जागेपुरतीच फिरवतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि पुढच्या कांडीकडे जातो. ओळ संपली की पुन्हा सुरुवात. पारंपरिक पैठणी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते, कारण मागे लोंबकळणारे धागे नसतात. साधी नक्षी असेल तर काही आठवडे, पदर भरगच्च असेल तर कित्येक महिने. तोवर त्या मागावर दुसरी साडी लागत नाही. एका ताण्यावर एकामागून एक साड्या निघू शकतात, पण एकाच वेळी दोन नाही. ताणा संपला की नव्याचं प्रत्येक टोक जुन्याच्या टोकाला एकेक करून सांधायचं, आणि ते धागे हजारोंनी असतात.

विणकराला कंटाळा येत नसेल का? येतच असेल. पण त्याच्या कामात 'स्टार्टायटिस'ला जागा नाही. साडी पूर्ण झाली की पैसे, माग अडला की कमाई अडली. छंदाची गोष्ट वेगळी. तिथे काम अर्ध्यावर सोडायचं स्वातंत्र्य असतं, आणि या छंदाची निम्मी मजा त्या स्वातंत्र्यात आहे. दोन्हींची तुलना करून छंद करणाऱ्याला नावं ठेवणं बरोबर नाही.

उलट चितेगावसारख्या गावातल्या घराचा दिवस डोळ्यासमोर आणा. घरातला एक माणूस पहिल्या शिफ्टला, दुसरा रात्रपाळीला. डबे दोन वेळा, झोपेच्या वेळा वेगळ्या, त्यात नळाला पाणी येण्याची वेळ. विणणारी व्यक्ती घर सांभाळत असो की स्वतः कंपनीत जात असो, तिला सलग तीन तास मिळणं अवघड. मिळतात ते वीस-वीस मिनिटांचे तुकडे. बसमध्ये वीस मिनिटं, दुपारी उन्हाचा उजेड असताना अर्धा तास, रात्री मालिकेसमोर थोडा वेळ.

या तीन तुकड्यांत एकच काम बसत नाही. बसमध्ये मोजणी लागणारी नक्षी विणता येत नाही, कारण कुणी "ताई, जरा सरका" म्हटलं की टाका चुकतो. तिथे पर्समध्ये मावणारं क्रोशाचं फूल बरं. गडद रंगाची लोकर रात्रीच्या दिव्यात दिसत नाही, ती दुपारीच. आणि टीव्हीसमोर सुलट-उलट अशी साधी, न बघता होणारी वीण. एकाच वेळी तीन कामं चालू असणं हा इथे वेळेचा चांगला उपयोग आहे. गडबड होते ती चौथ्या-पाचव्यापासून, जेव्हा काम वेळेच्या गरजेने सुरू होत नाही, तर नुसतं नवीन काहीतरी हवं म्हणून सुरू होतं.

नवीन सुरू करायची इतकी ओढ का?

सुरुवातीला रंग नवा असतो, नक्षी नवी असते आणि चूक अजून झालेली नसते. स्वेटरची बाही मात्र सगळीकडे सारखीच. एक झाली की तीच पुन्हा. मोज्यांच्या बाबतीत तर याला 'सेकंड सॉक सिंड्रोम' असं नावच आहे. पहिला मोजा उत्साहात होतो आणि त्याची जोडी कधीच जन्माला येत नाही. आता त्यात रील्सची भर पडलीय. तीस सेकंदांच्या व्हिडिओत अख्खी शाल तयार होते, आणि त्यामागचे चाळीस तास कापलेले असतात.

मग अर्धवट राहिलेली कामं डोक्यात का घोळत राहतात? यासाठी मानसशास्त्रातल्या दोन जुन्या प्रयोगांचा हवाला दिला जातो. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्याकडे शिकणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं की मध्येच थांबवलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. 'झायगार्निक इफेक्ट' हे नाव सोशल मीडियावर फार फिरतं. पण नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम प्रत्येक वेळी दिसलेला नाही, हे मात्र त्या पोस्टमध्ये नसतं. त्यांच्याच सहकारी मारिया ओव्हसियांकिना यांनी १९२८ मध्ये वेगळी गोष्ट दाखवली. थांबवलेलं काम संधी मिळाली की माणूस आपणहून पुन्हा हाती घेतो, बक्षीस नसलं तरी. हा निष्कर्ष पुढे जास्त टिकला. विणणाऱ्यांसाठी त्यातून निघणारी गोष्ट साधी आहे. अर्धं काम डोळ्यांसमोर असेल तर ते हातात घेतलं जाण्याची शक्यता वाढते. माळ्यावर टाकलेल्या पिशवीला ती संधीच मिळत नाही.

विणण्याने मन शांत होतं का, यावरही अभ्यास झालाय. २०१३ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी'मध्ये एक आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण प्रसिद्ध झालं, त्यात ३,५४५ विणणाऱ्यांनी उत्तरं दिली होती. जे जास्त वेळा विणतात त्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. मात्र ही उत्तरं ज्यांना विणणं आवडतं त्यांचीच आहेत, त्यामुळे 'विणा आणि ताण घालवा' असा सरळ अर्थ काढू नये. आणि ज्या कामाची पिशवी पाहिली की अपराधी वाटतं, ते काम शांतता देत असेल असं मानायला आधार नाही.

थांबलेल्या कामाचं नेमकं काय बिघडतं?

सगळ्यात आधी हात बदलतो. विणणाऱ्यांच्या भाषेत कुणाचा हात घट्ट असतो, कुणाचा सैल. पण एकाच माणसाचा हातही सहा महिन्यांनी तसाच राहत नाही. याचा परिणाम किती होतो, ते आकड्यात बघू. समजा १० सेंटिमीटरमध्ये २० टाके बसतात आणि स्वेटरच्या घेराला २०० टाके आहेत. घेर झाला १०० सेंटिमीटर. मधल्या काळात हात घट्ट झाला आणि १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसू लागले. तेवढ्याच टाक्यांचा घेर आता साधारण ९१ सेंटिमीटर. नऊ सेंटिमीटरचा फरक म्हणजे स्वेटर दुसऱ्याच माणसाला होणार. म्हणून जुनं काम उघडल्यावर थेट पुढे विणायला न लागता आधी छोटा तुकडा विणून टाके मोजावेत. क्रोशाच्या तोरणाला एवढी काळजी लागत नाही. फूल थोडं लहान झालं तर दारावर कुणी टेप घेऊन येत नाही.

दुसरी अडचण रंगाची. लोकरीच्या लेबलवर रंगाच्या क्रमांकाशिवाय आणखी एक क्रमांक असतो, 'डाय लॉट'. एका वेळी रंगवलेल्या मालाचा तो क्रमांक. तोच रंग पुढच्या खेपेला रंगवला की किंचित वेगळा उतरतो. दुकानात, ट्यूबलाइटखाली तो फरक दिसत नाही. उन्हात स्वेटर घातला की एक बाही परकी दिसते. काम अर्ध्यावर सोडून वर्षभराने लोकर कमी पडली, तर तोच लॉट मिळण्याची आशा जवळजवळ नसते. लोकर सुरुवातीलाच पूर्ण घ्यावी आणि लेबल फेकू नये, हे सांगतात ते यासाठी.

सुयांचे क्रमांक हा आणखी एक सापळा. आपल्याकडे अजूनही बरेच जण जुन्या ब्रिटिश क्रमांकाने सुया ओळखतात. त्यात क्रमांक वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर. इंटरनेटवरच्या नक्षीत मिलिमीटर किंवा अमेरिकन क्रमांक असतो, आणि अमेरिकन पद्धतीत क्रमांक वाढला की सुई जाड होते. अर्ध्या कामातून सुई काढून दुसरीकडे वापरली आणि परत चुकीची लावली, तर कापडात सरळ दिसतं की इथून पुढे काहीतरी झालंय.

आणि साठवण. खऱ्या लोकरीला कसर लागते, ॲक्रिलिकला लागत नाही. बाजारात 'लोकर' म्हणून मिळणारा बराचसा धागा ॲक्रिलिक असतो, त्यामुळे लेबल वाचून मगच डांबरगोळ्या आणायला जावं. पावसाळ्यात धातूच्या सुया कामातच राहिल्या तर गंजाचा डाग पडू शकतो. चौकटीवरचं विणकाम ठेवायचं असेल तर ताण थोडा सैल करून जुन्या ओढणीत गुंडाळावं, नाहीतर मराठवाड्यातली धूळ प्रत्येक धाग्यावर बसते.

पण एका प्रकारच्या कामाला उशीर अजिबात चालत नाही. बाळंतविडा. झबलं, टोपडं, दुपटं, मोजे. इथे तारीख विणणारी ठरवत नाही. शिवाय मापही सरकतं. मे-जूनमध्ये होणाऱ्या बाळासाठी नवजात मापाचा लोकरी स्वेटर विणला तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो अंगावर चढणार नाही, आणि थंडी पडेल तेव्हा बाळ सहा महिन्यांचं असेल. अशा वेळी सहा ते नऊ महिन्यांचं माप धरून विणलेला स्वेटर खरंच वापरला जातो. रुखवताचंही तसंच, मुहूर्त ठरला की ठरला. त्यामुळे अनेक कामं चालू असतील तर तारीख असलेलं काम आधी, हा एक नियम तरी डोळे झाकून पाळावा. स्वतःसाठीचा स्वेटर पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबू शकतो.

मग हे सांभाळायचं कसं?

अनुभवी विणणारे काय करतात ते पाहिलं तर फार मोठी व्यवस्था दिसत नाही. प्रत्येक कामाला स्वतंत्र पिशवी, आणि त्या कामाचं सगळं त्याच पिशवीत. धागा, सुई, नक्षीचा कागद, कात्री नसली तरी चालेल. साडीच्या दुकानातली कापडी पिशवी या कामाला उत्तम.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चिठ्ठी. काम ठेवताना लिहायचं : सुईचा क्रमांक, लोकरीचा रंग आणि लॉट, कितवी ओळ झाली, पुढची ओळ सुलट की उलट, आणि मूळ नक्षीत आपण काय बदल केला. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. "बाहीला दोन टाके कमी घेतले होते" हे आज पक्कं लक्षात असतं, दिवाळीनंतर नसतं. फोनमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालतो, फक्त फोन बदलला की तो हरवतो. चिठ्ठी पिशवीसोबत राहते.

नक्षी अवघड असेल तर एक ओळ नीट झाल्यावर तिच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा बारीक दोरा ओवून ठेवतात. त्याला 'लाइफलाइन' म्हणतात. पुढे चूक झाली तर फक्त त्या दोऱ्यापर्यंतच उसवायचं. मोजे आणि बाह्यांसाठीची युक्ती आणखी सोपी आहे. दोन्ही बाह्या दोन वेगळ्या गुंड्यांनी एकाच सुईवर एकत्र विणायच्या. वेळ तेवढाच लागतो, पण दुसरी बाही मागे राहायला जागाच उरत नाही, आणि दोन्हींचा हातही सारखा येतो.

क्रोशाचं मोठं काम असेल तर ते तुकड्यांत मोडता येतं. छोटे चौकोन करायचे आणि शेवटी जोडायचे. ही पद्धत किती ताणता येते ते चेन्नईत दिसलं. 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या सुबाश्री नटराजन यांनी सुरू केलेल्या गटाने ३१ जानेवारी २०१६ रोजी ११,१४८.५ चौरस मीटरची क्रोशाची चादर तयार करून गिनेस विक्रम केला. देशा-परदेशातल्या बायकांनी आपापल्या घरी केलेले तुकडे एकत्र जोडले गेले. सुयांवर, एका सलग कापडात हे जमलं नसतं.

मनगटाकडेही लक्ष हवं. सुयांचं विणकाम आणि क्रोशा यांत पकड वेगळी असते, त्यामुळे दोन्ही आलटून पालटून केल्याने हाताला तोच तो ताण बसत नाही. अनेक कामं चालू ठेवण्याचा हा एक फायदा. पण बोटांना मुंग्या येत असतील किंवा दुखणं थांबत नसेल तर काम बदलून उपयोग नाही, डॉक्टरांना दाखवावं.

उसवायचं की ठेवायचं?

पाच वर्षांपूर्वीचं काम पाहून "इतकं केलंय, आता कसं उसवू" असं वाटतं. पैसे किंवा कष्ट आधीच घातलेत म्हणून नको असलेली गोष्ट चालू ठेवायची, या सवयीवर हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये गाजलेला शोधनिबंध लिहिला होता. विणकामाला ही गोष्ट पूर्ण लागू होत नाही, कारण इथे घातलेलं बरंचसं परत मिळतं. सुयांचं विणकाम आणि क्रोशा उसवला की धागा पुन्हा हातात. गेले ते फक्त तास.

महाराष्ट्रातल्या घरांना हे नवीन नाही. थोरल्याचा आखूड झालेला स्वेटर उसवून त्यात दुसरा रंग घालून धाकट्याला विणायचा, हे वर्षानुवर्षं चालत आलं. उसवलेली लोकर नागमोडी होते. तिची लडी करून कोमट पाण्यात बुडवायची, पिळायची नाही, आणि दोरीवर टांगताना खाली हलकं वजन अडकवायचं. वाळल्यावर ती बरीच सरळ होते. केसाळ लोकर मात्र उसवायला गेलं की एकमेकांत अडकते, तिथे हट्ट धरू नये. मागावरच्या कापडाला ही सोय नाही. ताणा कापला की ते धागे तुकड्यांतच राहतात.

निर्णय घेण्याची एक साधी कसोटी आहे. ज्याच्यासाठी सुरू केलं त्याला ते आजही होईल का, आणि त्याला ते हवं आहे का? दोन्ही उत्तरं 'नाही' असतील तर उसवा. एखादं काम पूर्ण न होण्यातच कुणाचा फायदा असेल, तर गोष्ट निराळी. ग्रीक महाकाव्य 'ओडिसी'मधली पेनेलोपी सासऱ्यासाठी कफन विणते, ते झाल्यावर लग्नाचं बघेन असं मागे लागलेल्या पुरुषांना सांगते, आणि दिवसा विणलेलं रात्री उसवून तीन वर्षं काढते.

ज्यांचं काम खरंच राहून जातं

विणणारी व्यक्तीच गेली तर काय? पिशवी उघडावी तर अर्धी शाल, टाकून देववत नाही आणि घरात कुणाला विणता येत नाही. अमेरिकेतल्या मेसी कॅप्लन आणि जेन सिमोनिक या दोघी विणणाऱ्या मैत्रिणींसमोर हाच प्रसंग आला. त्यांच्या एका मैत्रिणीची आई वारली होती आणि तिच्या हातच्या चादरी अर्धवट राहिल्या होत्या. त्यातून २०२२ मध्ये 'लूज एंड्स' हा उपक्रम सुरू झाला. मृत्यू किंवा आजारपणामुळे राहिलेलं हातकाम कुटुंबाने कळवायचं, ते काम येणारा स्वयंसेवक शोधून त्याच्याकडे द्यायचं, आणि पूर्ण झाल्यावर ते घरच्यांना परत करायचं. विणण्याचे पैसे घेतले जात नाहीत. आज वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक त्यात आहेत.

असं काम पुढे नेणाऱ्याला कोडंच सोडवावं लागतं. कोणती सुई वापरली होती, नक्षी कुठली, किती टाके घटवायचे होते, विणणारीचा हात घट्ट होता की सैल. झालेल्या कापडावरचे टाके मोजून हे शोधता येतं, पण वेळ लागतो. जे अजिबात शोधता येत नाही ते म्हणजे ते कुणासाठी चाललं होतं. पिशवीतल्या चिठ्ठीवर सुईच्या क्रमांकाखाली तेवढं एक नाव लिहायला जागा असते.